अर्धी बशी

ताम्हनकर बाईंनी चहाचा पुडा काउंटरवर असा आपटला की शेजारच्या तराजूचं पारडं हाललं.

"बसवराज, हा चहा आहे की हिरड्याचा काढा?"

बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. कराडच्या निम्म्या गावाला त्यांनी वर्गात शिकवलेलं आणि उरलेल्या निम्म्याला त्या अजून रस्त्यात गाठून शिकवत. बसवराज तोडकर स्वतः त्रेसष्ट वर्षांचा झाला होता, चाळीस वर्षं चहाच्या धंद्यात मुरला होता, पण बाई दुकानाची पायरी चढल्या की अजूनही खुर्चीतून उठून उभा राहायचा.

"बाई, तुमचं मिक्स तेच आहे. मागच्या महिन्यात जरा डस्ट वाढवली एवढंच. चहाला अंग यावं म्हणून."

"अंग आलं, पण माझी जीभ टाळूला चिकटली! सहाला चहा घेतला, आठ वाजेपर्यंत मला कुणाला रागावता आलं नाही."

हे नुकसान मोठंच होतं. बसवराजनं कान पकडले, दोन दिवसांत नवीन पुडा घरपोच देतो म्हणाला आणि बाईंना रिक्षात बसवून दिलं. मग मागच्या खोलीत जाऊन त्याच पुड्यातला चहा उकळला, कोराच. चमच्यानं सुर्रर्र करून तोंडात ओढला, जिभेवर फिरवला, गालात घोळवला.

मुळमुळीत लागला. काढा राहिला बाजूला, धड चहासुद्धा नाही. त्यानं चूळ भरली आणि पुन्हा ओढला. पुन्हा तेच.

तोडकरांच्या दुकानाची एक रीत होती. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला आधी चहा द्यायचा नाही, त्याच्याकडून घरचं पाणी मागायचं. "बाटली आणा, मग चहा सांगतो," हे वाक्य बसवराजच्या आजोबांपासून चालत आलेलं. सोमवार पेठेतलं बोअरचं पाणी जड, नदीकाठच्या नळाचं हलकं, मलकापूरच्या टाकीतल्या पाण्याला क्लोरिनचा वास. एकच पावडर या तीन पाण्यांत तीन तोंडांनी बोलते. मग ज्याच्या त्याच्या पाण्यात चहा करून, चाखून, दाणेदार किती, पत्ती किती, डस्टची बारीक कडक भुकटी किती हे ठरवायचं आणि त्या घराचं मिक्स कायमचं डोक्यात ठेवायचं. मोठ्या कंपन्यांकडे आता चव मोजणारी यंत्रं आली होती, एका मिनिटात चहाची कुंडली मांडायची. पण त्या यंत्रांना सोमवार पेठेचं पाणी कुणी पाजलं नव्हतं. म्हणून दोन हजार पंचेचाळीस साल उजाडलं तरी तोडकरांच्या पायरीवर बाटल्यांची रांग लागायची.

या सगळ्याचा आधार म्हणजे बसवराजची जीभ. आणि जिभेवरचासुद्धा एकच कोपरा म्हणा ना, तुरटपणा ओळखणारा. वास सगळ्यांनाच येतो, रंग आंधळा सोडून सगळ्यांना दिसतो. पण चहा गालाला आतून हलकेच आवळतो, ते आवळणं किती आणि कुठं थांबायला हवं, हे कळायला तोडकरच लागायचा.

आणि गेले काही महिने कुठंतरी पाणी मुरत होतं. म्हातारी गिऱ्हाईकं म्हणत, काढा झालाय. तरणी म्हणत, "अण्णा, अजून जरा कडक करा, हल्ली चहा लागतच नाही." एकाच घरातून सासू एक सांगायची, सून बरोबर उलटं. बसवराजनं पाण्यावर खापर फोडलं, धरणाकडून आलेल्या नव्या पाइपलाइनवर. सगळ्यांना पुन्हा बाटल्या आणायला लावल्या. त्रेचाळीस बाटल्या आल्या. त्यानं त्रेचाळीस पाण्यांत चहा केला आणि त्याला सगळे सारखेच लागले.

त्याला खात्री करून द्यायला एक दुसरी जीभ होती. त्याची मुलगी ईश्वरी, साताऱ्याला दिलेली. ती दर रविवारी यायची. आली की आधी चहा. तोडकरांच्या घरात चहा दुधाशिवायचाच. ती आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतायची, एक घोट घ्यायची आणि ती बशी अण्णांपुढं सरकवायची. अगदी चार वर्षांची असल्यापासूनची सवय. तो बशी तोंडाला लावायचा आणि मग दोघं मिळून त्या चहाची उलटतपासणी करायचे.

"ईशू, खरं सांग, तुरटपणा जागेवर आहे?"

"छान झालाय, अण्णा."

गेले सहा महिने ती दर रविवारी छान म्हणत होती. आणि त्या भरवशावर तो डस्ट वाढवत होता.

बाईंचा तो हिरडा मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. बायकोला, शैलाला, सगळी कपाटं उपसायला लावून त्यानं हिरडा मिळवला आणि कचकन चावला. तुरटपणात हिरड्याचा हात धरणारं दुसरं काही नाही, पोरांना नुसतं दाखवलं तरी ती तोंडं वाकडी करतात. बसवराजला जरा कडसर लागलं. बास.

"अहो, जुना असेल," शैला म्हणाली.

तो ताडकन न्हाणीघरात गेला. दाढीनंतर लावायचा तुरटीचा खडा होता, तो जिभेला लावला. लगेच अख्खं तोंड आक्रसलं, डोळ्यांत पाणी आलं. तो धावत बाहेर आला.

"तुरटी लागतेय! हिरडा लागत नाही, पण तुरटी लागतेय!"

"म्हणजे आता लोकांना तुरटीचा चहा पाजणार का?" शैला म्हणाली. पण त्याच्या चेहऱ्याकडं बघून तिचा थट्टेचा सूर बदलला. "तोंडाचं दुखणं आहे ना? मग तोंडाच्या डॉक्टरकडं जा. रेणुकाकडं. आणि आजच."

डॉक्टर रेणुका कापसे ईश्वरीची शाळेतली मैत्रीण. लहानपणी तोडकरांच्या ओट्यावर खेळलेली, त्यामुळे तपासायच्या खुर्चीत आडवं करूनही ती त्याला अण्णाच म्हणायची. तिनं तुरटीची आणि हिरड्याची हकीकत दोनदा ऐकली. मग आरसा घालून त्याचा खालचा एक दात बराच वेळ न्याहाळला.

"अण्णा, हा दात मी मागच्या दिवाळीत घासून साफ केला होता. आठवतंय?"

"आठवतंय की. म्हणालीस, दोन महिन्यांत पुन्हा काळा कराल."

"हो. बाकीच्या दातांवर तुमचं चाळीस वर्षांचं सर्टिफिकेट तसंच आहे. पण हा एक अजून पांढराशुभ्र आहे. दिवसाला तीस कप कोरा चहा चाखणाऱ्या माणसाच्या तोंडात हे होऊ शकत नाही."

तिनं कापसाच्या बोळ्यावर त्याची लाळ घेतली, एका छोट्या डबीसारख्या यंत्रात घातली. पाच मिनिटांत यंत्रानं निकाल दिला. रेणुका स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

"तुमच्या तोंडात कुंदकळी आहे."

कुंदकळी माहीत नसलेला माणूस तेव्हा शोधून सापडला नसता. जिभेखाली तीन थेंब टाकायचे आणि जन्मभर दातांवर डाग नाहीत. चहा प्या, कॉफी प्या, पान खा, जांभळं खा, हळदीच्या हातानं जेवा. दात कुंदाच्या कळ्यांसारखे. लग्न ठरलं की पत्रिकेच्या आधी कुंदकळी, अशी वेळ आली होती.

"मी? मी तो थेंब बघितलासुद्धा नाही! माझे दात म्हणजे माझ्या दुकानाची पाटी आहे."

"ऐका तर. डाग कसा पडतो सांगते. चहात टॅनिन असतं. त्याला प्रथिनं दिसली की ते त्यांना मिठी मारतं. दातावर लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ थर कायम असतो. टॅनिन त्याला चिकटतं, त्यावर रंग चढत जातो, झाला डाग. आता तुरटपणा. तो म्हणजे काय? लाळेत जी बुळबुळीत प्रथिनं असतात, ज्यांच्यामुळे तोंड आतून मऊ राहतं, तीच टॅनिन गोळा करून नेतं. तोंड कोरडं पडतं, आवळतं. चहात दूध घातलं की तुरटपणा उतरतो ना? कारण टॅनिन आधी दुधातल्या प्रथिनांना धरून बसतं. म्हणजे डाग आणि तुरटपणा ही एकाच आईची लेकरं आहेत, अण्णा. एकाला घरातून काढलं की दुसरंही जातं."

"आणि कुंदकळी?"

"ते तोंडात राहणारे साधे जंतू आहेत. प्रयोगशाळेत त्यांना एक काम शिकवलंय. लाळेतल्या प्रथिनासारखा दिसणारा एक बारीकसा तुकडा सतत बनवत राहायचा. टॅनिन फसतं, त्या तुकड्यालाच धरून बसतं आणि आपण ते गिळून टाकतो. दातापर्यंत पोचत नाही, आणि गालापर्यंतही नाही. तुरटीचा टॅनिनशी काही संबंध नाही, ती सरळ तोंड आवळते. म्हणून ती तुम्हाला लागली. तुमची जीभ शाबूत आहे."

जीभ शाबूत आहे हे ऐकून त्याला एवढं बरं वाटलं की पुढचं विचारायला थोडा वेळ गेला.

"पण हे जंतू माझ्याकडं आले कुठून?"

"एखाददुसऱ्या घोटानं ते रुजत नाहीत. पण कुणाचं उष्टं वरचेवर तोंडात गेलं, महिनोन्‌महिने, तर रुजतात. माहितीच्या कागदावर तसं लिहिलंय बारीक अक्षरात. अपाय काही नाही असंही लिहिलंय. दातांना नाहीच. जिभेचा कंपनीनं विचारच केला नव्हता." रेणुका बोलता बोलता थांबली. तिला काहीतरी आठवलं होतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "अण्णा, तुम्ही कुणाच्या कपातून..."

"कळलं," बसवराज म्हणाला. "तिला काही बोलू नकोस."

घरी येईपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढून ती बशी हलली नाही. पण ही बशी अलीकडची नव्हती, सव्वीस वर्षांपूर्वीची होती. चार वर्षांच्या ईशूच्या तोंडाला ती त्यानंच लावली होती. शैला किती ओरडली होती! "अहो, पोरीला चहा कसला पाजता, दात बघा तिचे!" पण त्याला कौतुक. पोरगी सातव्या वर्षी डोळे मिटून कृष्णेचं पाणी कुठलं आणि कोयनेचं कुठलं हे नुसत्या चहावरून सांगायची. तो गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचा. पुढं शाळेत पोरं तिला कॅडबरी म्हणायला लागली. तेव्हापासून ती तोंडावर हात धरून हसायला लागली. मोठी झाल्यावर दर सहा महिन्यांनी दात घासून घ्यायची, आणि तीन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चहा सोड म्हणावं तर चहावाल्याची लेक. लग्नाच्या फोटोतसुद्धा तिचे ओठ घट्ट मिटलेले.

मग साताऱ्याला कर्णबधिर मुलांच्या शाळेत नोकरी लागली. मुख्याध्यापिका पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम, आमची मुलं तुमच्या तोंडाकडं बघून शिकणार. हात खाली ठेवा." त्या आठवड्यात तिनं कुंदकळी घेतली. त्यानंतरच्या रविवारी ती आली ती तोंडावर हात न धरता, खळखळून हसत आली होती. शैलानं तिची दृष्ट काढली होती. बसवराजचे डोळे भरून आले होते, आणि त्याच आनंदात त्यानं बशी तोंडाला लावली होती.

रेणुकानं उपाय दिला होता. चघळायच्या गोळ्या, दिवसाला चार, दहा दिवस. तेवढेच जंतू खाणारा एक विषाणू त्यात होता, बाकी कुणाला तो हात लावत नव्हता. गोळ्या कारल्याच्या रसासारख्या कडू. मधल्या रविवारी ईश्वरीचं शाळेचं शिबिर होतं, ती आली नाही. अकराव्या दिवशी सकाळी बसवराजनं चमचाभर चहा तोंडात ओढला आणि गालाला आतून ते जुनं, ओळखीचं आवळणं जाणवलं. तो पाटावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. शैलानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग म्हणाली, "पुरे आता. बाईंचा पुडा राहिलाय."

आता गावाचं कोडंही उलगडलं. तो प्रत्येकाला पाण्याच्या बाटलीबरोबर एक प्रश्न विचारायला लागला, कुंदकळी घेतलीय का? निम्म्या गावानं घेतली होती. त्यांना कितीही डस्ट घाला, कमीच. ज्यांनी घेतली नव्हती त्यांना गेले काही महिने त्यानं काढा पाजला होता. घराघरांत आता चहाचे दोन डबे झाले, एक सासूचा आणि एक सुनेचा. सकाळी एकाच भांड्यातला चहा घेत बसण्याची सोय गेली. एकजण हसत म्हणाला, "अण्णा, वाटण्या झाल्या आमच्या." बसवराजला हसू आलं नाही.

रविवारी ईश्वरी आली. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, चहा घेतला. अर्धा बशीत ओतला, एक घोट घेतला आणि बशी पुढं सरकवली.

"मला नको," बसवराज म्हणाला. "पित्त झालंय."

"अर्धी बशी तर आहे."

"नको म्हटलं ना!"

आवाज चढला. मनातून तो स्वतःवर चिडला होता, पण बाहेर ते तिच्यावर निघालं. ईश्वरीनं त्याच्यापुढच्या स्वतंत्र कपाकडं बघितलं. पित्त झालेल्या माणसाचा कप काठोकाठ भरलेला होता. बशीतला चहा तिनं मोरीत ओतला, जेवली, आणि दुपारच्याच बसनं गेली. पुढच्या रविवारी आलीच नाही. फोनवर म्हणाली, काम आहे. त्याच्या पुढच्याही रविवारी काम होतं.

"लेकीची बशी परत केलीत," शैला म्हणाली. "तिला काय वाटलं असेल? लग्न होऊन गेली म्हणून परकी झाली? उठा आणि खरं काय ते सांगून या."

"सांगितलं तर ती ते थेंब काढून टाकेल. मला माहीत आहे ना ती कशी आहे. पुन्हा तोंडावर हात येईल."

"आणि नाही सांगितलं तर ती यायचीच थांबेल. मग तुमची जीभ घेऊन बसा दोघं." शैलानं त्याची टोपी त्याच्या हातात दिली.

साताऱ्याच्या शाळेत तो पोचला तेव्हा वर्ग चालू होता. तो खिडकीपाशी थांबला. आता पुष्कळ मुलांच्या कानात यंत्र बसवतात, पण सगळ्यांनाच ते मानवत नाही. अशी सहा मुलं गोल बसली होती. ईश्वरी एका मुलीसमोर कागदाची पट्टी धरून 'प' म्हणत होती. तिच्या तोंडातल्या वाऱ्यानं पट्टी उडायची. मुलीनं आपला हात ईश्वरीच्या गालावर ठेवला होता आणि डोळे तिच्या ओठांवर. मुलीनं प्रयत्न केला, पट्टी हलली नाही. पुन्हा केला. पाचव्या वेळी पट्टी फर्रकन उडाली आणि ईश्वरी मान मागं टाकून, सगळे दात दाखवून हसली. तिचं बघून सहाही मुलं तशीच हसायला लागली. बसवराज खिडकीचा गज धरून उभा होता. सांगायला आलेलं सगळं गिळून तसंच परत जावं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात तिनं त्याला बघितलं.

"अण्णा? तुम्ही इथं? आई बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. तिनंच हाकललं मला."

मधल्या सुट्टीत ती दोघं शाळेच्या पायरीवर बसली. त्यानं तुरटीपासून सुरुवात केली आणि बशीपर्यंत येऊन थांबला. ईश्वरीनं हातातली कागदाची पट्टी गुंडाळून मुठीत धरली.

"मला पहिल्याच रविवारी कळलं होतं, अण्णा. चहाला चवच नव्हती. नुसतं गरम पाणी."

"काय?"

"मी रेणुकाला विचारलंही होतं. ती म्हणाली, तुरटपणा जाणार, परत हवा तर दात जाणार. मी ठरवलं, जाऊ दे चव."

बसवराज उठून उभा राहिला. "आणि दर रविवारी तू मला छान म्हणत होतीस? मी तुझ्या जिभेवर विसंबून अख्ख्या गावाला काढा पाजला! ताम्हनकर बाईंच्या नजरेला नजर देता येईना मला! अगं, एकदा तरी सांगायचं होतंस!"

"काय सांगणार होते? तुम्ही बशी घेतली की माझ्याकडं असं बघायचात, जशी काय दुकानाची पुढची जीभ मीच. ती जीभ मी टाकून दिली, दातांसाठी, हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू?" ती रडायला लागली. "माझी चव मी समजून उमजून दिली. तुमची मात्र तुम्हाला न विचारता नेली. मला माहीत नव्हतं हो ते असं पसरतं. आजच गोळ्या सुरू करते. जाऊ देत ते दात."

आणि बोलता बोलता तिचा हात तोंडाकडं गेला, जुन्या सवयीनं.

बसवराजनं तिचं मनगट धरलं. सगळा राग कुठल्या कुठं गेला.

"हात खाली. ऐकतेस का? खाली. चार वर्षांची होतीस तेव्हा तुझ्या तोंडाला बशी मी लावली. तुझे दात मी रंगवले, माझ्या हौशीसाठी, आणि इतकी वर्षं तू तोंडावर हात धरून फिरलीस. मी कधी तुला चुकलो म्हटलं? आज म्हणतो. चुकलो मी, बाळ. आता धुवून काढलेस तर पुन्हा रंगव म्हणू? ती पोरं तुझ्या तोंडाकडं बघून बोलायला शिकतायत. दुकानाला जीभ माझी पुरेल. मी गेलो की यंत्र आणा, नाहीतर दुकान बंद करा. काय आभाळ कोसळत नाही."

आत घंटेचा दिवा लुकलुकला. सुट्टी संपली होती. ईश्वरीनं पदरानं डोळे पुसले आणि बापाला वाकून नमस्कार केला.

पुढच्या रविवारी ती आली. दोघांनी दोन कप घेतले, मध्ये रिकामी बशी. एकमेकांशी जपून, चांगलं बोलले. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. सगळं नीट होतं आणि काहीतरी अजिबात नीट नव्हतं. तो आपल्या कपातल्या चहाचा तुरटपणा तिला सांगायचा, ती मान डोलवायची. सांगून का चव कळते?

शेवटी गणपती झाल्यावर एका रविवारी शैलाचा संयम सुटला.

"काय हो हे! दोघं असे बसलेत जसं काय घरात सुतक आहे. दिवाळीला दुकानातला पंखासुद्धा पुसायला खाली काढतात, त्याला सुट्टी मिळते. तुमच्या जिभेलाच तेवढी नाही?"

"म्हणजे?"

शैलानं रेणुकाला आधीच विचारून ठेवलं होतं. तिनं बोटं मोजली. एकदा तोंडात रुजून गेलेलं असलं की पुन्हा रुजायला वेळ लागत नाही. रोज बशी घेतली तर पाच दिवस. मग दहा दिवस गोळ्या. पंधरा दिवसांत जीभ परत जागेवर.

"जमेल?" ईश्वरीनं भीत भीत विचारलं.

"गोळ्या कडू असतात," बसवराज म्हणाला. पण त्याच्या मिशा हसत होत्या.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी त्यानं दुकानाच्या दारावर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी टांगली. फराळाचा डबा द्यायला आलेल्या ताम्हनकर बाईंनी चष्मा वर करून ती मोठ्यानं वाचली.

'आजपासून पंधरा दिवस नवीन मिक्स ठरवून मिळणार नाही. पाण्याच्या बाटल्या आणू नयेत. कारण : मुलगी माहेरी आली आहे.'

"लेक आल्याचा आणि बाटल्यांचा काय संबंध रे, बसवराज?"

"आहे, बाई."

बाईंनी त्याच्याकडं निरखून बघितलं, मग आत ओट्यावर फराळाचं ताट घेऊन बसलेल्या ईश्वरीकडं. "अक्षर सुधारलंय," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

पहिल्या दिवशीच्या बशीत चांगला तुरटपणा होता. दुसऱ्या दिवशी होता. तिसऱ्या दिवशी जरा लांबून आल्यासारखा लागला. चौथ्या दिवशी बसवराज घोट तोंडात धरून बराच वेळ बसला, जाणाऱ्या पाहुण्याला वेशीपर्यंत सोडायला जावं तसा. पाचव्या दिवशी, भाऊबीज उलटून गेल्यावर, ईश्वरीनं अर्धा चहा बशीत ओतला, एक घोट घेतला आणि बशी पुढं सरकवली. त्यानं सुर्रर्र करून ओढला, जिभेवर फिरवला, गालात घोळवला.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

"मला काही कळत नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही," ईश्वरी म्हणाली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान मागं टाकून हसली.

बसवराजनं रिकामी बशी पुढं केली. "अजून घाल."